कोल्टरच्या उडीवरचा माग

ही गोष्ट खोटी असती तर बरं झालं असतं. पण नाही. गेल्या ऑक्टोबरात, यूटाच्या लाल डोंगरात, लागोपाठ तीन पहाटे हे माझ्यासोबत घडलंय. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी ड्रू. कड्यांवरून सायकल खाली घालायची, दऱ्यांवरून उड्या मारायच्या, चौदा वर्षं हाच माझा धंदा.

आमच्यात एक नियम आहे. उडीसाठी मातीचा चढ जो बांधतो, तोच त्यावरून पहिला जातो. दुसऱ्याला पुढे घालायचं नाही. दुसऱ्याच्या कोऱ्या चढावर चाक घालायचं नाही.

माझ्या चढावरून त्या ऑक्टोबरच्या वर्षभर आधी कोल्टर गेला. बावीस वर्षांचा पोरगा. दरीपलीकडे पोचलाच नाही. जागीच संपला.

"मी नको म्हणत होतो, तो ऐकेचना," असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या आईलासुद्धा.

त्या ऑक्टोबरात तीच उडी मी त्याच्या आठवणीत मारणार होतो. शनिवारी कॅमेरेवाले येणार होते. खाली तंबू ठोकून राहिलो होतो; मदतीला आमच्यातली चार पोरं होती आणि कोल्टरचा थोरला भाऊ, जेस. पाठीवर पाण्याचे कॅन वाहून आम्ही माती भिजवली, फावड्यांनी थोपटली. मंगळवारी संध्याकाळी चढ एकदम गुळगुळीत झाला.

बुधवारी पहाटे वर गेलो आणि माझं डोकंच फिरलं.

चढावर टायरचा माग होता... अगदी ताजा.

खाली येऊन मी सगळे तंबू हलवले. "कोण गेला होता रे वर? हिंमत असेल तर समोर या!"

"कॉफी पी, म्हाताऱ्या," जेस म्हणाला. "तुझ्या उडीवर तू सोडून कुणाला जायचंय?"

"मग माग काय कोल्ह्यानं काढला?"

जेस वर आला. माग पाहिला. मग वळसा घालून दरीपलीकडे, उडीनंतर चाकं टेकतात त्या उतारावर गेला. बराच वेळ वाकून उभा राहिला.

"ड्रू... इथे काहीच नाही."

उतारावरची माती कोरी होती. दरीत सायकल नव्हती. माणूस नव्हता.

आम्ही चढ पुन्हा थोपटला. गुरुवारी पुन्हा माग.

शुक्रवारी उजाडायच्या आत मी एकटाच फावडं घेऊन चढापाशी उभा राहिलो. सापडला असता तर टाळकंच फोडणार होतो.

आधी आवाज आला...

मागच्या कड्यावरून. पाय न मारता सायकल सोडली की मागचं चाक करतं ती टिकटिक. जवळ आली. कुणीच दिसेना.

माझ्या पायाशी ओली माती दबत गेली. वीतभर... हातभर... थेट टोकापर्यंत.

टिकटिक हवेत गेली. आणि थांबली.

चाकं पलीकडे टेकल्याचा आवाज येईल म्हणून मी कान दिला.

आलाच नाही.

भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. त्याचा, आणि त्याहून जास्त माझा. फावडं दरीत भिरकावलं.

"बस कर ना आता! हो, मीच पाठवलं तुला! गुडघा दुखतोय म्हणून खोटं बोललो. फाटली होती माझी! वेग पुरेल म्हणालो, मला तरी कुठे माहीत होतं? काय करायचं ते कर, पण हे थांबव!"

दरीतून काहीच आलं नाही. साधा वारासुद्धा नाही.

वळलो तर मागे जेस उभा. मला वाटलं, हा आता मला ढकलणार.

"आई वर्षभर त्यालाच बोल लावतेय," तो म्हणाला. "हट्टी मेला म्हणून."

"जेस, मी..."

"गप्प. त्याला उत्तर का नाही दिलंस?"

"कुणाला? मी एकटाच ओरडत होतो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "एवढा वेळ तो तुझ्याशी बोलत होता... तुला ऐकूच आलं नाही?"

"नाही. काय म्हणाला?"

जेसनं आपलं फावडं उचललं आणि चढ फोडायला घेतला. सपाट होईपर्यंत थांबला नाही.

त्यानंतर मी उडी मारलेली नाही. त्याच्या आईला जाऊन खरं सांगितलं. तिनं तोंडावर दार लावलं. बरोबरच केलं.

पण जेसला मी चारदा विचारलंय. परवा तर त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन हात जोडले. "शिव्या दिल्या का रे? की माफ केलं? एवढं तरी सांग."

"ते तुझ्यासाठी होतं," तो म्हणाला. "तू ऐकायचं होतंस."

आणि मान खाली घालून पुन्हा पंक्चर काढायला लागला.