न वाजणारी पेटी

"चार वाजता माझा धंदा बुडणार आहे, आणि आता बारा वाजलेत," असं म्हणत समीक्षा तांडेलने आंब्याची लाकडी पेटी टेबलावर ठेवली.

पेटीत आंबे नव्हते. भाताच्या पिवळ्याधमक पेंढ्यात तीन जुनी फाउंटन पेनं पडली होती. एक हिरवं, एक निळं, एक मधाच्या रंगाचं. तिन्हींच्या अंगावर उभ्या भेगा गेल्या होत्या. मधाळ पेनाच्या टोपणाचा तर टवकाच उडाला होता.

बाबली मेस्त्रींच्या तोंडून "अरेरे" निघालं आणि लगेच त्यांना ओशाळल्यासारखं झालं. पक्षकार बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हा त्यांचा स्वतःशीच केलेला नियम. चाळीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर ते आता ग्लिनिस लोबोच्या कचेरीत बसत. ग्लिनिस पूर्वी विमा कंपनीसाठी फुटलेल्या मालाची तपासणी करायची. आता मालवणच्या बाजारपेठेत तिने खासगी तपासाची पाटी लावली होती. आपला तिला काय उपयोग, हे कोडं बाबलींना अजून सुटलं नव्हतं.

"सुरुवातीपासून सांग," ग्लिनिस म्हणाली.

समीक्षा जुनी पेनं दुरुस्त करून विकायची. ही गोव्यातल्या एका घराच्या पेटाऱ्यात सापडली होती. नव्वद वर्षांपूर्वीची, केसीनची.

"केसीन म्हणजे?"

"दुधापासून बनवलेलं. जुन्या कोटांची बटणं असायची ना, तसलं. चार पेनं होती. चौथ्याची क्लिप बसवायची राहिलीय म्हणून ते माझ्याकडेच आहे. तीन पेनं सावंतवाडीच्या जितेंद्र कोरगावकरांना पाठवली. काल सकाळी त्यांनी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढला, संध्याकाळी पेटी परत धाडली. आज चार वाजता त्यांच्या घरी पेनवाल्यांचा मेळावा आहे. तिथं पडद्यावर सगळ्यांना दाखवणार, पेंढ्यात पेनं पाठवली की काय होतं ते. त्यानंतर माझ्याकडून कोण पेन घेणार?"

दाराशी उभी असलेली बाई पुढे आली. समीक्षाची आत्या, सुशीला.

"पेटी मी भरलंय. तीस वर्सां आंबे भरतंय. माझो आंबो दिल्लीक जाता, डाग पडना नाय. आणि ह्या पेनांक भेगो? माझ्या हातांचो माकाच विश्वास ऱ्हवलो नाय."

"कशी भरलास, आत्ये?" ग्लिनिसने विचारलं.

"आंब्यासारकीच. पेंढ्याचे मुठी दुमडून थरावर थर, मधल्या थरात पेनां. सुंभान बांधलंय आणि कानाकडे धरून हलवलंय. पेटी वाजूक नये. वाजली तर सोडूची आणि परत भरूची."

"वाजली?"

"माझी पेटी? कदी नाय!"

ग्लिनिसने पेंढा उचलून पाहिला. वरचा कसाही कोंबलेला होता, तळचा मुठी दुमडून नीट रचलेला. अगदी तळाला एक घडी घातलेली चिठी होती. बाबलींनी ती वाचली. "ऊन, पाणी, स्पिरिट, तिन्हींपासून जपावे. समीक्षा."

"चिठी तळाला कशी?" समीक्षाने विचारलं.

"बागेची चिठी आमी तळाकच घालतंव," आत्या म्हणाली.

बाबलींनी हिरव्या पेनावर टोपण बसवायचा प्रयत्न केला. बसेना. आपले हात म्हातारे झाले, असं म्हणून त्यांनी ते गुपचूप खाली ठेवलं. ग्लिनिस भिंगातून निबं पाहत होती. तिन्ही निबं सरळ होती, टोकं शाबूत.

"आता व्हिडिओ."

फोनच्या पडद्यावर एक झुबकेदार मिशांचे गृहस्थ पेटी उचलून हलवत होते. "ऐका मंडळी, ऐका! कशी खुळखुळतेय!"

ग्लिनिस उठलीच. "काका, चला! गाडी कोणाची मिळेल?"

"आग्नेलची," समीक्षा म्हणाली. "पार्सल त्यानंच नेलं होतं."

"मग तर उत्तमच!"

ग्लिनिसचा आवाज असा चढला की तिला काहीतरी दिसलेलं असायचं. आपल्याला मात्र काहीच दिसलं नाही, हे त्यांना नेहमीसारखंच कळलं.

आग्नेल गाडी हाकता हाकता बोलत होता आणि सगळे जीव मुठीत धरून बसले होते.

"आदळली काय रे खंय पेटी?" ग्लिनिसने विचारलं.

"माझ्या गाडयेत? सुशीलात्येची पेटी? जीव खायत ती माझो!"

"खातलंयच," मागून आत्या म्हणाली.

"देताना काय झालं?"

"गुरवारी दुपारी दिलंय, त्या मिशाळ सायबाच्या हातात. वायच गंमत म्हणान आत्येसारकी कानाकडे हलवून दाखवलंय. म्हटलंय, बघा सायबा, वाजता काय? सायब हसलो."

"पेटी भिजली कुठे?"

"मे महिन्यात? घामान भिजली आसत तर!"

कोरगावकरांच्या घरी पोचायला पावणेतीन वाजले. दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या, पडदा लावलेला. खिडकीत काचेच्या बरण्या ओळीने ठेवलेल्या आणि प्रत्येकीत पाण्यात बुडवलेलं एकेक पेन.

"तपास कसला करताय?" कोरगावकर म्हणाले. "भेगा डोळ्यांना दिसतायत. इतकं चिवट सेल्युलॉइड, पण पेंढ्यात घालून आदळल्यावर काय होणार?"

"सेल्युलॉइड?" ग्लिनिसने विचारलं.

"मग काय! त्या काळचं प्लॅस्टिकच ते. तीस वर्षं पेनं जमवतोय, रंगावरून सांगतो. अहो, हे तुमच्या खिशात काय आहे?"

बाबलींच्या खिशातलं जुनं काळं पेन कोरगावकरांनी उपसलं, उघडलं आणि बघता बघता बरणीत सोडलं. "चोवीस तास पाण्यात. जुनी शाई सगळी सुटते. माझ्या घरात आलेलं पेन आधी पाण्यात जातं, अपवाद नाही."

बाबलींना नको म्हणायचं होतं. तोंडातून "बरं" निघालं.

"पेटी गुरुवारी आली आणि शनिवारी उघडली. दोन दिवस थांबलात?" ग्लिनिसने विचारलं.

"शूटिंगला चांगला उजेड हवा होता. तोवर हात लावला नाही."

"आग्नेल म्हणतो, देताना पेटी वाजत नव्हती."

"ड्रायव्हर दुसरं काय म्हणणार? यानंच आपटली असेल."

आग्नेलने मुठी आवळल्या. ग्लिनिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गोड हसली. "मेळाव्यात दोन शब्द बोलले तर चालेल?"

चार वाजता वीसेक माणसं जमली. आत्या शेवटच्या खुर्चीत अंग चोरून बसली. व्हिडिओ संपला, कुजबुज झाली, दोघातिघांनी समीक्षाकडे वळून पाहिलं. मग ग्लिनिस पुढे आली. तिच्या हातात समीक्षाने सोबत आणलेलं चौथं पेन होतं, लालसर, अखंड.

"जितेंद्रराव, हे त्या तिघांचंच भावंड. आत शाई वाळून बसलीय. मंडळींना तुमची पद्धत दाखवा ना."

कोरगावकरांनी पेन घेतलं. सवयीने हात बरणीकडे गेला. पाण्यापासून बोटभर अंतरावर तो थबकला.

"सोडा ना पाण्यात," ग्लिनिस म्हणाली. "अपवाद नाही म्हणालात."

"नंतर... नंतर बघू."

"का? सेल्युलॉइडला पाण्याने काय होतं?"

कोरगावकरांनी पेन परत तिच्यापुढे धरलं.

"मी सांगते," ग्लिनिस म्हणाली. "ही पेनं केसीनची आहेत. केसीन पाण्यात फुगतं, वाकतं आणि वाळताना तडकतं. हे तुम्हाला इथं कुणी सांगितलेलं नाही. पावणेतीनला तुम्ही त्यांना सेल्युलॉइडच म्हणत होतात. तरी हात थांबला. कारण तीन पेनं त्या बरणीत घालून तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंत, गुरुवारी रात्री!"

"पुरावा काय?"

"पेन आदळलं तर आधी निब वाकतं. तिन्ही निबं सरळ आहेत. आदळलेलं पेन फुटतं, पण जाड होत नाही. बाबलीकाकांनी हिरव्या पेनाला टोपण लावून पाहिलं, बसेना. अंग फुगलंय त्याचं."

म्हणजे दोष हातांचा नव्हता! बाबली खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले.

"पेटी वाटेत भिजली असेल!" कोरगावकर म्हणाले.

"भिजलेला पेंढा काळा पडतो, कुबट वास मारतो. तुमच्याच व्हिडिओत तो कोरडा ठणठणीत आहे. पाणी पेनांना लागलं, पेंढ्याला नाही. म्हणजे पेनं पेटीबाहेर भिजली. शिवाय व्हिडिओत पेटी उघडताक्षणीच वरचा पेंढा कोंबलेला दिसतो, तळचा मात्र अजून मुठीमुठीने रचलेला आहे. म्हणजे त्याआधीच वरचे थर कुणीतरी काढून परत भरले होते. भरणाऱ्याला आत्याची हातोटी नव्हती, म्हणून पेटी खुळखुळली. ती खुळखुळ तुम्हीच आम्हाला ऐकवलीत!"

कोरगावकर खुर्ची ओढून बसले. "फुगलेल्या अंगावर टोपण दाबायला गेलो आणि टवका उडाला," ते हळू म्हणाले. "मी लोकांना पेनं ओळखायला शिकवतो. हे कुणाला सांगणार होतो? पण एखादी चिठी तरी घालायची होती!"

"घातली होती. तळाला आहे."

तेवढ्यात शेवटची खुर्ची करकरली. सुशीला आत्या उभी राहिली होती. एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर ती एकेक शब्द सावकाश उच्चारत बोलली.

"चिठी मी तळाक घातलंय. ती माझी चूक. पेनांचा माका ठावक नाय होता, समीक्षाक इचारूक व्हया होता. तेवढी माझी. बाकीची माझी नाय."

पहिल्या रांगेतले एक वृद्ध डॉक्टर तिच्याकडे वळले. "बाई, माझं एक पेन कोलकात्याला पाठवायचंय. भराल?"

"भरीन. पण आधी ता कसला, ता सांगा."

सगळे हसले. समीक्षाने डोळे पुसले. कोरगावकर उठले, मिशीवरून हात फिरवत पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

"नवा व्हिडिओ काढा," ते म्हणाले. "पेटी चांगली भरली होती, पेनं मी बिघडवली, असं मीच सांगतो. समीक्षाचं नाव घेऊन सांगतो. आत्ता. उद्यावर टाकलं तर माझा धीर जाईल."

"काका, फोन धरा," ग्लिनिस म्हणाली.

"मी? ग्लिनिसबाय, माका नाय जमूचा..." म्हणेपर्यंत फोन बाबलींच्या हातात होता. वीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी लाल बटण दाबलं. फोनच्या पडद्यावर कोरगावकरांचा चेहरा थरथरू लागला.

"काका, हात हलतोय."

"हलूंदे," बाबली म्हणाले. "बोला तुम्ही, जितेंद्रराव. सुरू झालंय."