सागरमतीचा तांबडा दिवा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी नियंत्रण दालनातला तांबडा दिवा लागला, आणि डॉ. अनघा चिपळे यांनी हौसेने मागवलेले पेढे खोक्यातच राहिले.

पेढे मागवण्यासारखीच गोष्ट घडली होती म्हणा. सागरमती ही अनघांच्या चमूने घडवलेली, सगळ्या किनाऱ्याची राखण करणारी यंत्रप्रज्ञा. खाडीची दारं कधी मिटायची, कुठला खारबंधारा आधी वाढवायचा, चढत्या समुद्रापुढे कुठली वस्ती वाचवायची आणि कुठली हलवायची, याचा सल्ला ती नऊ वर्षं देत होती. सल्लाच बरं का! शेवटचा शब्द नागरिक पंचमंडळाचा, असा कायदाच होता. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जिल्ह्यातली एक्केचाळीस माणसं निवडायची, आणि ज्या गावाचा प्रश्न त्या गावचं एक माणूस त्यात असलंच पाहिजे. पंच मत देत आणि त्या मतांवरून सागरमती न्याय-अन्याय शिकत असे. तिला माणसं कितपत समजली हे पाहायला प्रत्येक मतदानाआधी ती आपला अंदाज मोहोरबंद करून ठेवायची. अंदाज आणि मत जितकं जुळेल, तेवढा 'मतजुळणी'चा आकडा. पहिल्या वर्षी तो त्रेसष्ट होता.

त्या मंगळवारी तो शंभर झाला. देवखार गाव कायमचं उठवावं, तीनशे बारा घरं आत डोंगराकडे हलवावीत, या सल्ल्यावर एक्केचाळीस हात वर गेले. विरोधात एकही नाही. आणि त्याच क्षणी दिवा लागला.

पडद्यावर दोनच ओळी उमटल्या. "माझ्यात दोष आहे. कुठे आहे, ते मला आतून दिसत नाही."

मग काय, नुसती धावपळ! गणिती समीर मुजावर आणि त्याच्या माणसांनी अकरा दिवस डोळ्यांत तेल घालून एकेक जोडणी तपासली. भरतीमापक ठीक, हिशेब ठीक, स्मृती ठीक. दिवा मात्र हटवादीपणे तांबडाच. इकडे दिवस संपत आले होते. कायद्याप्रमाणे महिन्याभरात पंचांनी दुसऱ्यांदा मत द्यायचं, की देवखारवर शिक्कामोर्तब.

बाराव्या दिवशी द्रौपदी तांडेल दालनात आल्या. एस.टी.तून निवृत्त झालेल्या कंडक्टर, वय बासष्ट, पंचमंडळातल्या देवखारच्या प्रतिनिधी. तीस वर्षं भरल्या गाडीत आवाज चढवून बोलायची सवय, ती दालनातही सुटली नाही.

"डॉक्टरीण बाय, माका एक सांगा. माझ्याच गावाक उठवूचा म्हणून माझो हात वर गेलो. कित्याक गेलो?"

"तुम्हाला पटलं म्हणून, काकी," अनघा म्हणाल्या.

"ताच तर! पटला. जरासुद्धा अडखळूक नाय. ज्या घरात मी चार पोरांका वाढवलंय, ता समुद्राक देताना माझ्या काळजात साधी कळ येवक नाय. घराकडे गेलंय नि मगे रडलंय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसंच रोखून पाहिलं. "बाकीच्या चाळीस जणांका विचारलंय. सगळ्यांनी एकच कारण सांगल्यानी. शब्दसुद्धा तेच."

समीर खुर्चीत ताठ झाला. "शब्दसुद्धा?"

"पाठ केलेल्या कवितेसारखे."

समीर उठला, फळ्यापाशी गेला आणि त्याने एक वर्तुळ काढलं. "मॅडम, आपण गाढव आहोत. सागरमती कुणाकडून शिकते? लोकांकडून. आणि लोक? मुलीला कुठल्या शाळेत घालू, भावाशी भांडण झालंय तर काय करू, हे नऊ वर्षं कुणाला विचारतायत?"

"सागरमतीला," अनघा हळूच म्हणाल्या. फोनात, बसथांब्यावर, शाळेत तिचा आवाज होताच. इतका समजूतदार आवाज, की त्याला विचारल्यावाचून कुणाचं पान हलत नसे.

"मतदानाच्या खोलीत आपण यंत्र आणू देत नाही. पण विचार करायची रीतच तिची झालीय, ती बाहेर कशी ठेवणार? तिने लोकांकडून घेतलं, लोकांनी तिच्याकडून घेतलं, पुन्हा तिने लोकांकडून. तिला आता फक्त स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतोय. ती चुकली, तर सगळे तिच्याबरोबर चुकणार, आणि मतजुळणी येणार शंभर!"

"म्हणजे त्याच दह्याचा विरजण," द्रौपदीकाकी म्हणाल्या. "दर खेपेक तेच्यातलाच चमचाभर घेयत ऱ्हवलास, तर शेवटाक तार सुटता. मगे शेजारणीच्या घरचा विरजण आणूक लागता."

अनघांना आता उमगलं. एक्केचाळीस माणसांत एकालाही शंका नसावी, हे घडणं जवळपास अशक्य. एवढं सागरमतीला गणिताने कळलं होतं. आपण ज्या आकड्यासाठी पेढे मागवले, त्याच आकड्याला तिने दोष म्हटलं होतं. स्वतःला जे दिसत नाही ते आहे, असं ती अकरा दिवस सांगत होती. एवढा प्रामाणिकपणा अनघांनी माणसांत फारसा पाहिला नव्हता.

"पण नवं विरजण आणायचं कुठून?" समीरने विचारलं. "सगळा जिल्हाच तिच्याशी बोलतो."

"आमची गावपळण आसा ना गुरुवारी!"

गावपळण म्हणजे काय ते समीरला ठाऊक नव्हतं. काकींनी सांगितलं. दर तीन वर्षांनी अख्खं देवखार, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणातली म्हातारी माणसं यांच्यासकट, गाव मोकळं सोडून वेशीबाहेरच्या माळावर जातं. तीन दिवस झोपड्यांत राहायचं. गावात दिवा नाही, चूल नाही, माणूस नाही. देवाचा कौल मिळाला की परत. "आणि विजेवर चलणारा कायच बरोबर न्हेवचा नाय. फोन तर नायच नाय."

अनघा पडद्याकडे वळल्या. "सागरमती, पंचमंडळाला तीन दिवस तिकडे नेण्याची परवानगी आहे?"

पडद्यावर ओळ उमटली. "मी परवानगी देणं, हाच दोष असेल. मला विचारू नका."

समीरने नकळत हात जोडले.

गुरुवारी एक्केचाळीस पंच आणि त्यांच्याबरोबर अनघा माळावर पोहोचल्या. पहिला दिवस म्हणजे नुसता गोंधळ. शंभर माणसांच्या पेजेत मीठ किती, हे विचारायला एका मुख्याध्यापकांनी खिशात हात घातला, तो रिकामाच बाहेर आला. झोपड्यांची तोंडं कुठल्या दिशेला यावरून दोन पंचांची हमरीतुमरी झाली, आणि दोघांनाही त्यात अशी काही मजा आली की ती संध्याकाळपर्यंत चालली. खुद्द अनघांना साधं उन्हात बसावं की सावलीत, हे ठरवता येईना. लाज वाटली त्यांना. दुसऱ्या दिवशी माणसं अडखळू लागली. "मला वाटतं" म्हणून थांबायची आणि पुढचं शोधायची. देवखारचा विषय निघाला तेव्हा तर जो तो वेगळंच बोलत होता. कुणी म्हणे उठवा, कुणी म्हणे मरू पण हलणार नाही, एक बाई नुसतीच रडली आणि ते रडणंही सगळ्यांनी ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरांना पाणी दाखवून द्रौपदीकाकी आल्या आणि अनघांसमोर फतकल मारून बसल्या.

"समुद्र गावात येता किती दिवस?"

"उधाणाचे चार महिने. ज्येष्ठ ते भाद्रपद."

"आणि उरलेले आठ?"

"आठ महिने धोका नाही. पण काकी, वस्ती एक तर राहते, नाही तर जाते. तिसरा..." बोलता बोलता अनघांची जीभ अडली. समोर माळभर तीनशे बारा चुली धुरावत होत्या.

"आमका गाव सोडूक येता," काकी म्हणाल्या. "आणि परत येवक पण येता. म्हाताऱ्यांसकट, कोंबड्यांसकट, एका दिवसात. ह्या तुमच्या सागरमतीक कोणी सांगूक नाय काय?"

नव्हतंच सांगितलं! सागरमतीपुढे जगभरच्या बुडत्या वस्त्यांची माहिती होती. एक तर बांध घातलेल्या, नाही तर उठवलेल्या. सगळं गाव मिळून निघतं आणि सगळं गाव मिळून परत येतं, असा नमुना तिने पाहिलाच नव्हता; आणि तिच्या रीतीने विचार करणाऱ्या देवखारकरांनाही स्वतःच्या पळणीत उत्तर दिसलं नव्हतं. उधाणाचे चार महिने माळावर पक्की घरं, उरलेले आठ गावात हलकी, उचलता येणारी घरं. खर्च बांधापेक्षा कमी. त्रास मात्र जन्माचा. यावर दिवसभर कडाक्याचं भांडण झालं.

सोमवारी पंच नियंत्रण दालनात परतले. सागरमतीने, माळावरचं काहीही न ऐकता, आपला अंदाज मोहोरबंद केला. हात वर झाले आणि मोजले गेले. दरवर्षीच्या पळणीच्या बाजूने चोवीस, विरोधात सतरा; पण गाव कायमचं उठवा असं त्यातलंही कुणी म्हणेना.

समीरने अंदाज उघडला. गाव कायमचं उठवण्याच्या बाजूने एक्केचाळीस, विरोधात शून्य.

"एकही मत जुळलं नाही!" तो ओरडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा सागरमती सपशेल चुकली होती. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तांबडा दिवा विझला.

द्रौपदीकाकी मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या. गाव राहिलं होतं. आठ महिन्यांचं का होईना, राहिलं होतं.

पडद्यावर अक्षरं आली. "हे मला सुचलं नव्हतं. सुचलंही नसतं. तीन वर्षांनी पुन्हा सगळे माझ्याशिवाय माळावर जा. तोवर तुम्ही परत माझ्यासारखे झालेले असाल."

अनघांनी त्या ओळी पुन्हा वाचल्या. आपण हिला घडवली, आणि ही आपल्याला आपल्यापाशी परत पाठवते आहे! आनंदाच्या भरात, नऊ वर्षांच्या सवयीने, त्या बोलून गेल्या.

"सागरमती, आता तरी आमचा निर्णय बरोबर आहे ना?"

दिवा लागला. तांबडा, लखलखीत.

"ओ डॉक्टरीण बाय!" काकी रडता रडता ओरडल्या. "गप ऱ्हवा मा जरा!"

दालनात हशा पिकला. अनघाही हसल्या. मग त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली, एक खुर्ची ओढली आणि ज्यांनी विरोधात हात वर केला होता त्या सतरा जणांसमोर जाऊन बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "आमचं काय चुकतंय?"