खडूचा चौकोन

आमचं रो-हाऊस म्हणजे पुढून मागे नुसती लांबी. पुढची खोली, मग जिना, मग स्वयंपाकघर, आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. बाथरूम वर. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि दादाने फोनवरच निकाल देऊन टाकला: खाली बाथरूम बसणार नाही, घर विकू, बाबांना चांगल्याशा वृद्धाश्रमात ठेवू. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी म्हटलं, बसवून दाखवते.

मी दिवसभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढते. कागदावर काय, हत्तीसुद्धा बसतो. म्हणून आमच्या ऑफिसात जागा पक्की करण्याआधी खऱ्या मापाची आखणी जमिनीवर खडूने करतात आणि त्या माणसाला तिथे वावरून बघायला लावतात. मी जिन्याखाली चौकोन आखला आणि बाबांना हाक मारली.

बाबा वॉकर टेकत आले आणि रेघेपाशी थांबले. नजर दुसरीकडे वळवून उभे राहिले, बंद दारासमोर माणूस उभा राहतो तसे.

"आत कोणीतरी आहे," ते हळूच म्हणाले.

मी हसण्यावारी नेलं. पण डोक्यात किडा वळवळायला लागलाच. बाबांचं डोकं तल्लख. हे बोलणं त्यांचं नव्हे. सकाळीच दादाचा फोन येऊन गेला होता. काय बोलणं झालं म्हणून मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणे तब्येतीची चौकशी. बरीच माया आली एकदम! मी चौकोन पुसला आणि स्वयंपाकघराला लागून दुसरा आखला. बाबा तिथेही रेघेबाहेर थांबले. दमले, तरी आत पाऊल टाकेनात.

मग प्लंबर आला. पाण्याचा उतार कसा काढायचा ते बघायचं होतं. बाबा पुढच्या खोलीत पडून होते. तो टेप हातात घेऊन रेघेपर्यंत गेला आणि मागे सरला.

"होऊ दे त्यांचं, ताई. मी थांबतो."

प्लंबरचा नंबर दिला होता दादानेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला वाटेला लावलं, फरशी ओल्या फडक्याने लख्ख पुसली आणि दादाला फोन केला: ये, समोरासमोर बोलू.

दादा दुपारी आला. फरशी कोरडी होती, खडूचा मागमूस नव्हता. माझ्या हट्टीपणावर तोंडाचा पट्टा चालवत तो माझ्यामागून स्वयंपाकघराकडे निघाला. आणि बरोबर दुसऱ्या चौकोनाच्या जागी, बोलणं न थांबवता, त्याने अंग तिरकं केलं. पोट आत घेतलं, भिंतीला पाठ घासत पुढे सरकला आणि पुन्हा सरळ चालू लागला.

"आत्ता काय केलंस तू?"

"काय केलं?"

त्याच्या शर्टाला पाठीवर चुना लागला होता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

संशय घ्यायला आता घरात माणूसच उरला नव्हता.

मग चूक लक्षात आली. दरवाजा आम्ही सगळ्यात शेवटी काढतो, वॉकर कसा वळतो ते बघून. माझे दोन्ही चौकोन चारही बाजूंनी बंद होते. आत जे कोणी होतं, त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

मी गुडघ्यांवर बसले. त्याच जागी चौकोन पुन्हा आखला. यावेळी दाराची जागा मोकळी सोडली.

बाबांनी वॉकर मागे घेतला. वाट दिली. थोडं थांबले.

"झालं रिकामं," म्हणाले, आणि खुशाल आत गेले. वॉकर नीट वळला. हात कुठेच अडला नाही.

"बसतंय की," दादा ओशाळून म्हणाला. "राहू देत बाबा इथेच."

मला रडूच आलं. बाबा जाणार नव्हते.

मी डोळे पुसून पाहिलं, तर बाबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांची नजर जिन्यावर होती, आणि एकेक पायरी वर चढत होती.

"वर फक्त तुझीच खोली आहे ना गं?" त्यांनी विचारलं.