आपण दोघं खिडकी उघडू

"हे ज्याने कुणी लिहिलंय ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभं करा!"

मी भर वाचनालयात, स्वतःशीच पण चांगलं मोठ्याने म्हणाले, आणि काउंटरपलीकडून आवाज आला, "उभाच आहे की."

मान वर केली. भिजलेला कोट, चष्म्यावर पावसाचे थेंब, काखेत परत करायची दोन पुस्तकं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू... माझ्या हातात 'लास्तोवका'ची मार्गदर्शिका होती. आमच्या स्लोव्हेन भाषेत लास्तोवका म्हणजे पाकोळी. आमच्याकडच्या काही पोरांनी मिळून केलेली कम्प्युटरची प्रणाली. कुणीही फुकट घ्यावी, हवी तशी बदलावी. प्रणाली झकास होती. मार्गदर्शिका म्हणजे मात्र अडगळीची खोली.

"तुम्ही लिहिलंय हे?"

"बरंचसं मीच. गाश्पर." त्याने ओला हात पुढे केला.

"मी ब्रीना. आणि मला यातलं एक अक्षर कळलेलं नाही."

"एक तरी कळलं असेल. निदान अनुक्रमणिका?"

"तीच तर सगळ्यात वाईट आहे!"

आमच्याकडे एका वयाची माणसं पहिल्या मिनिटाला अरे-तुरेवर येतात. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, म्हणून मी मुद्दाम अहो-जाहो धरून ठेवलं. त्यानेही मग हट्टाने तेच चालवलं.

माझा राग काही उगाच नव्हता. वाचनालयाच्या कोपऱ्यात जुनी कम्प्युटरं होती, आणि विकतची नवी प्रणाली त्यांना पेलत नव्हती. पालिका म्हणाली, भंगारात काढा, कोपरा बंद करा. आता गावातली निम्मी पेन्शनर मंडळी त्या कोपऱ्यावर जीव टाकून होती. त्यांना तिथून उठवायचं कुणी? मी तर नाही. मी लास्तोवका घालते म्हणाले. पालिकेचे होचेवारसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. "घाला की. पण नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाआधी मला दाखवा. कुणीही म्हातारं माणूस, कुणाची मदत न घेता, नुसतं वाचून काम करू शकलं तर ठीक. नाहीतर मी ट्रक बोलावतो."

हे सगळं मी गाश्परला एका दमात ऐकवलं. त्याने चष्मा पुसला.

"उद्यापासून संध्याकाळी येतो," तो म्हणाला. "पण शिव्या कमी द्यायच्या."

"ते तुमच्या लिखाणावर आहे."

आणि आला की पठ्ठ्या! रोज, वाचक पांगले की, कागदी पिशवीत गरम भाजलेले चेस्टनट घेऊन. आम्ही मार्गदर्शिकेचं एकेक पान छापून वाचनखोलीच्या जमिनीवर पसरलं आणि त्या पसाऱ्यात गुडघ्यांवर बसून भांडलो.

"आवाजाचं पान कुठे गेलं?" मी.

"हे काय. 'ध्वनी उपप्रणाली', तिसरा भाग."

"अहो, माणूस येतो तो 'माझा आवाज येत नाहीये' असं कोकलत येतो. त्याला काय माहीत उपप्रणाली कुणाची कोण?"

"मग काय नाव द्यायचं?"

"'आवाज येत नाही'! जे तोंडात तेच कागदावर."

त्याने पेन काढलं, नाव खोडलं आणि माझं लिहिलं. लिहिताना एक भुवई वर जायची त्याची... मी बघत नव्हते, दिसली एवढंच. हळूहळू पानं यंत्राच्या कप्प्यांतून उठून माणसांच्या गरजांपाशी जाऊन बसली. 'छापायचंय', 'सापडत नाही', 'चुकून पुसलं गेलं'. ज्या पानाकडे कुठूनच वाट जात नव्हती त्याला आम्ही पोरकं म्हणायचो, आणि त्याला घर मिळालं की एकेक चेस्टनट खायचो.

खरं मोठं भांडण झालं ते बोलण्याच्या तऱ्हेवरून. त्याचं सगळं 'निवड करण्यात यावी' छापाचं.

"कुणाला नोटीस पाठवताय?" मी म्हणाले. "शेजारी बसून बोलल्यासारखं लिहा. 'आता आपण पडद्यावरची खिडकी उघडू.'"

आता आमच्या भाषेत एक गंमत आहे. 'आपण उघडू' म्हणताना क्रियापदाच्या शेवटी 'मो' आलं तर आपण सगळे, आणि 'वा' आलं तर आपण दोघंच, तिसरं कुणी नाही.

"'मो' की 'वा'?" त्याने विचारलं.

"'मो'! अख्ख्या गावासाठी लिहितोय आपण. 'वा' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही मांडीला मांडी लावून बसलाय."

"मग बिघडलं कुठे?"

त्याने हे पानाकडे बघत विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण तो माझ्याकडे बघत होता. मी चेस्टनट सोलायला घेतला आणि बोट भाजून घेतलं. सरळ सांगते, मला तो आवडायला लागला होता. पण ट्रक डोक्यावर होता. आधी कोपरा वाचवायचा, मग बाकीचं. मी मनाशी पक्कं ठरवलं आणि अहो-जाहो आणखी घट्ट केलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी धुकं नदीवरून उठून थेट दारापर्यंत आलं होतं. मी वायरींत अडकलेले. गाश्पर रात्री घरी एकट्याने लिहिलेला शेवटचा भाग, 'फोटो पाठवायचाय', घेऊन धापा टाकत आला. डोळे लाल.

"वाचून घेता एकदा?"

"वेळ कुठाय! छापा."

परीक्षेला आमच्या मार्येताबाई बसल्या. ऐंशीच्या घरातल्या, बोलायला फटकळ. त्यांना आपल्या द्राक्षवेलीचा फोटो अर्जेंटिनातल्या बहिणीला पाठवायचा होता. नियम एकच, आम्ही दोघांनी भिंतीला टेकून उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. होचेवारसाहेब हाताची घडी घालून मागे.

पहिली पानं बाईंनी लीलया ओलांडली. मग शेवटचा भाग उघडला आणि त्या मोठ्याने वाचायला लागल्या.

"'आता आपण दोघं खिडकी उघडू.'" त्या थांबल्या. "दोघं? 'वा' आहे इथे."

मी गाश्परकडे बघितलं. तो कानांपर्यंत लाल!

"'आपण दोघं फोटो शोधू. सापडला नाही तर घाबरायचं नाही, आपण दोघं आहोत.'" बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, पण मी तर एकटीच आहे. दुसरं कोण?"

मला ओरडावंसं वाटत होतं, बाई, चूक आहे ती, दाबा पुढचं बटण! पण एक शब्द बोलले असते तर कोपरा गेला असता. मी ओठ दाताखाली धरले.

होचेवारसाहेबांनी घड्याळ बघितलं. "अडल्या वाटतं. म्हणजे मार्गदर्शिका..."

"अडलेबिडले काही नाही!" मार्येताबाई गर्रकन वळल्या. "लिहिलंय ते नीट लिहिलंय. दोघांनी करायचं म्हणजे दोघांनी करायचं. तुम्ही रिकामेच आहात ना? ओढा ती खुर्ची."

"मी? अहो, मदत घ्यायची नाही..."

"मदत कोण मागतंय? नुसतं बसा."

आणि साहेब बसले! बाई वाचत होत्या, बटणं दाबत होत्या, साहेब पडद्यात डोकं घालून. "हां, ही वेल... छान आलीय हो," ते पुटपुटले. फोटो गेला. अर्जेंटिनातून उत्तर येईपर्यंत दोघं जागचे हलले नाहीत. बहीण तिकडे भल्या पहाटे उठून वाट बघत बसली होती. बाईंनी डोळे पुसले, साहेबांनी घसा खाकरला.

"मी एक बोट लावलं नाही," ते उठत म्हणाले. "ट्रकवाल्याला सांगतो, येऊ नकोस म्हणून."

मार्येताबाई जाता जाता गाश्परपाशी थांबल्या. "पोरा, ते 'दोघं' माझ्यासाठी नव्हतं, हो ना?" आणि माझ्याकडे बघून, अगदी मुद्दाम, डोळा मारला.

खोलीत आम्हीच उरलो. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लिहिताना... इतके दिवस तुम्ही शेजारी असायचात. काल रात्री नव्हतात. मी आपलं धरूनच चाललो की आहात." त्याने शेवटचं पान पुढे धरलं. "कळलंच नाही सगळीकडे 'वा' पडत गेलं ते. ब्रीना, मला तुम्ही फार आवडता. हे आता काही खोडता यायचं नाही मला."

मी जमिनीवरची पानं उगाच सारखी केली. कोपरा वाचला होता. आता थांबायला निमित्त उरलं नव्हतं.

"मार्गदर्शिका अख्ख्या गावाची आहे," मी म्हणाले. "तिथले सगळे 'वा' काढ. आज, आत्ता."

त्याने चमकून बघितलं. 'काढा' नाही, 'काढ'; त्याने बरोबर ऐकलं होतं.

"सगळे?"

"सगळे. मग कोट घाल. पुलावर चेस्टनटवाला आलाय." शेवटचा 'वा' निघाला तसा मी दिवा मालवला आणि त्याचा हात धरला. "आपण जाऊ."

शेवटी 'वा' लावून म्हणाले मी ते.