येते हं

मंजूषाला कुठल्याही दारातून 'जाते' म्हणून बाहेर पडताच येत नसे. हे वळण तिच्या वडिलांनी लावलेलं. सांगलीला शाळेत असताना ती घाईघाईत "बाबा, जाते" म्हणाली, की ते तिला फाटकातून परत बोलवायचे. "येते म्हण." मग ती दप्तर सावरत "येते हं" म्हणायची आणि ते पेपरातून मान वर न काढता "ये" म्हणायचे. तो 'ये' कानावर पडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा घरचा रिवाज. लग्नानंतर यतीनच्या मागोमाग ती नेदरलँड्सला निघाली, तेव्हा विमानतळावरही बापलेकीत तेवढंच बोलणं झालं. 

यतीन फेल्डहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. मंजूषा पुण्यात चांगली अनुभवी नर्स होती, पण इथे तिच्या पदवीची मान्यता कागदपत्रांत रुतून बसली होती. लेक शलाका शाळेत जायला लागल्यावर घर खायला उठलं, तेव्हा सायकलच्या अंतरावर असलेल्या एका गावातल्या जुन्या, लहानशा हॉस्पिटलात तिने मदतनिसाचं काम धरलं. पाणी पाजायचं, भरवायचं, उशा सारख्या करायच्या. खोलीतून निघताना 'येते हं' तोंडून जायचंच. डच म्हाताऱ्यांना वाटे, हा भारतातला काहीतरी आशीर्वाद असावा. तिनेही कधी खुलासा केला नाही. आशीर्वाद म्हणून फुकट मान मिळत असेल तर कशाला सोडा?

मग कोरोना आला. कार्निव्हलचा धांगडधिंगा संपतो न संपतो तोच इथल्या ब्राबांट प्रांतातली हॉस्पिटलं भरून गेली. त्या एप्रिलात ऊन मात्र असं लख्ख पडत होतं की खिडकीबाहेर बघितलं तर जगात काही बिनसलंय यावर विश्वास बसू नये. भेटीगाठी बंद झाल्या. भेटायला कुणी येणारच नाही म्हटल्यावर खोल्यांतल्या खुर्च्या काढून कॉरिडॉरच्या टोकाला रचून ठेवल्या. पुसायला तेवढीच एक वस्तू कमी.

या खुर्च्यांवरून भांडली ती एकच पेशंट, झुस्टर आल्देगोंडा. डचमध्ये झुस्टर म्हणजे बहीण, आणि नर्सलाही तीच हाक, आपल्या 'सिस्टर'सारखी. ही दोन्ही अर्थांनी सिस्टर. नव्वदी ओलांडलेली नन, आणि याच हॉस्पिटलात नर्स म्हणून सारा जन्म काढलेला. इकडे फरशी पुसायला जो हिरवा साबण वापरतात, त्याचा वास तिच्या अंगाला येई. मंजूषाला तो मास्कमधूनही जाणवायचा.

"हे हॉस्पिटल आम्ही नन्सनी बटाट्याच्या कोठारात सुरू केलं," ती धापा टाकत सांगायची. बोलू नका म्हटलं तरी ऐकायची नाही. "पहिले डॉक्टर सायकलवरून यायचे. कालव्यात पडले की पहिले पेशंट तेच. लढाईत तळघरात ऑपरेशनं केली, मेणबत्त्या धरून. एकोणीसशे अठराच्या साथीत निम्म्या नन्स गेल्या. पण या घरात कुणी एकटं मेलं नाही, मुली. ज्याची वेळ आली त्याच्या उशाशी खुर्ची, आणि खुर्चीत एक झुस्टर. माझ्या थोरल्या झुस्टर तर स्वतः तापाने फणफणत बसल्या होत्या. आणि तुम्ही खुर्च्याच उचलल्यात?"

मंजूषाने उशी सारखी केली आणि दारात म्हणाली, "येते हं."

"हे काय म्हणतेस तू रोज?"

मंजूषाने समजावून सांगितलं. आम्ही 'जाते' म्हणत नाही. जाणाऱ्याने 'मी येते' म्हणायचं आणि मागे राहणाऱ्याने 'ये' म्हणायचं. मोठं माणूस असलं तर 'या'.

म्हातारी विचारात पडली. "म्हणजे एकाने वचन द्यायचं आणि दुसऱ्याने बोलावून ठेवायचं. आणि नुसतं म्हणून आलंच नाही तर?"

"यायचंच," मंजूषा हसून म्हणाली.

मग झुस्टरने ते शब्द घोटायला सुरुवात केली. 'येते' झकास जमलं. 'हं' मात्र ती श्वास आत ओढून म्हणायची, हुंदका दिल्यासारखा. मंजूषाने कितीदा सुधारलं तरी तो हं काही बाहेर पडेना.

एका संध्याकाळी मंजूषाची पाळी संपली. ती दाराशी पोचते तोच पलंगावरून आवाज आला, "येते हं."

"अहो, तुम्ही कुठे निघालात? मी चाललेय," असं म्हणायला हवं होतं. पण लहानपणापासूनची सवय. जीभ आपली आपण वळली.

"या," मंजूषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा पलंगावर नवी चादर होती. पहाटे गेली, कुणी जवळ नव्हतं, असं मुख्य नर्स इनेकाने सांगितलं. मंजूषा सामानाच्या खोलीत जाऊन मास्क ओला होईपर्यंत रडली, मग मास्क बदलून बाहेर आली.

त्याच आठवड्यात इनेका चिडली. एका पेशंटच्या उशाशी खुर्ची होती. कुणी आणली? कुणीच नाही. ती परत नेऊन रचली. तो पेशंट संध्याकाळी गेला. मग दुसऱ्या खोलीत खुर्ची, मग तिसऱ्या. प्रत्येकीला दुसरीचा संशय. जे थोडेफार शुद्धीवर असत ते म्हणत, झुस्टर बसली होती ना. कुठली? ती म्हातारी, मास्क न लावणारी.

मंजूषा नर्स होती. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ऑक्सिजन उतरला की माणसाला काहीबाही दिसतं. थकलेले हात खुर्ची उचलतात आणि विसरतात. हे तिने स्वतःला नीट पटवून दिलं. फक्त अशा खुर्चीवर हात ठेवला की बैठक ऊबदार लागते, हे ती कुणाला बोलली नाही.

आणि खुर्ची चुकत नसे. ज्याच्या उशाशी ती आली, तो उठला नाही. पुढे पुढे इनेकाने चिडणं सोडलं. खुर्ची दिसली की ती मुकाट्याने टॅबलेट काढायची आणि पेशंटच्या घरी व्हिडिओ कॉल लावायची.

वर्ष उलटलं. लशी आल्या, वॉर्ड जरा मोकळा झाला, आणि सांगलीहून फोन आला. बाबा पॉझिटिव्ह. शैलेंद्रने, तिच्या धाकट्या भावाने, गावभर फोन फिरवून कसाबसा बेड मिळवला.

"आत कुणाला सोडत नाहीत, ताई. मी गेटबाहेर लिंबाखाली बसून असतो. डबा तेवढा आत जातो."

"बाबा बोलतात का?"

"काल बोलले. एकटं वाटतं म्हणाले. ताई, बाबा असं कधी म्हणतात का गं?"

कधीच म्हणत नसत. मंजूषाने विमानं पाहिली. होती ती रद्द होत होती. इथे ती दुसऱ्यांच्या वडिलांना चमच्याने सूप भरवत होती आणि तिच्या वडिलांच्या तोंडाशी पाण्याचा ग्लास धरायला कुणी नव्हतं. तो घास घेणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचा तिला त्या दिवसांत राग यायचा, आणि मग त्या रागाची लाज वाटायची.

त्या दुपारी शैलेंद्रचा मेसेज आला. ऑक्सिजन आणखी उतरलाय, डॉक्टरांनी तयारी ठेवायला सांगितलंय. ती फोन खिशात टाकून फान डाइक आजोबांच्या खोलीत गेली. उशाशी खुर्ची होती.

आजोबा शांत पडून होते. ऊन थेट रिकाम्या बैठकीवर पडलं होतं. साबणाचा वास येत होता.

मंजूषाने दार लोटलं. आपण काय करतोय हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी ती खुर्चीसमोर उभी राहिली.

"झुस्टर," ती डचमध्ये म्हणाली, "माझे बाबा एकटे आहेत." पुढचं मराठीतच आलं. "सांगलीला. जरा जाता का हो त्यांच्याकडे?"

काहीच झालं नाही. कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी ट्रॉली गेली.

तासाभराने ती पुन्हा त्या खोलीत आली. खुर्ची भिंतीला लागलेली होती. बैठक गार होती. फान डाइक आजोबांचं तोंड दाराकडे वळलेलं होतं, डोळे उघडे. ते गेले होते.

"वर्षभरात पहिल्यांदाच," मागोमाग आलेली इनेका भिंतीकडे बघत म्हणाली. "एकटेच गेले."

मंजूषाने त्यांचे डोळे मिटले.

सांगलीला त्याच रात्रीपासून बाबांना उतार पडला. डॉक्टरांनाही नवल वाटलं. शैलेंद्रने रडतच त्यांना घरी आणलं. मंजूषाने देवापुढे साखर ठेवली आणि फान डाइक आजोबांसाठी वेगळा दिवा लावला.

इकडे हॉस्पिटलात खुर्च्या पुन्हा कधी हलल्या नाहीत.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल झाला. बाबा पलंगावर तक्क्याला टेकून बसलेले, वाळलेले, पण दाढी घोटलेली. हातात चहा. शलाका दोन मिनिटं बोलली आणि "डुई!" असा डच टाटा करून पळाली.

"अगं, डुई काय? येते म्हणावं!" बाबा हसले. "तुझ्या लेकीला जमत नाही, पण हॉस्पिटलातल्या त्या सिस्टरला बरोब्बर जमायचं बघ."

"कुठली सिस्टर, बाबा?"

"होती एक म्हातारी. गोरीपान. बाकी सगळे चंद्रावर निघाल्यासारखे आवळलेले, आणि ही साध्या पांढऱ्या कपड्यात, डोक्याला फडकं. खुर्ची ओढून नुसती बसायची. मी सांगितलंसुद्धा, बाई, मास्क लावा. पण बरं वाटायचं गं. ती असली की भीती वाटायची नाही."

मंजूषाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नकळत हात जोडले.

"मला उतार पडला तशी उठली. दारात थांबून म्हणाली, 'येते हं.' शुद्ध मराठीत. तो हं तेवढा जरा आत ओढलेला, हुंदक्यासारखा."

मंजूषाचे जोडलेले हात तसेच राहिले.

बाबांच्या मागे, पलंगाच्या उशाशी, स्वयंपाकघरातली खुर्ची होती.

"ती खुर्ची तिथे कुणी ठेवली?"

बाबांनी मान वळवून पाहिलं. "शैलूने ठेवली असेल. का गं?"

"बाबा, ती 'येते हं' म्हणाली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. असा काय हा प्रश्न, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"काय म्हणणार? म्हटलं, या."