एक शिक्का जास्त

आमच्या कारखान्यात लाकडावर कोरणारे नऊ, आणि ते कोरलेलं तपासणारा मी एकटा. मी बाकाजवळ गेलो की गप्पा थांबतात आणि पटाश्या उगाच जोरात चालायला लागतात. कोण माझ्या नजरेला नजर देत नाही, त्यावरून कुणाचं काम फसलंय ते मला फळी न बघताच कळतं. दाजी तेवढे मला बघून हसायचे.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी त्या दोघांकडेच राहतो. म्हणजे घरी मेहुणा आणि कामावर तपासनीस; दोन्हीकडे थोडा नकोसाच. दाजींचा हात अजून पक्का होता, पण वर्षभरात ते दोनदा घसरले होते. चार खुर्च्यांसाठी त्यांनी पाच पाठी कोरल्या. मग एका घोड्याला पाचवा पाय निघाला, तर म्हणाले, "पळतोय ना तो." मालक हसले नाहीत. "आता एक जरी चूक निघाली तर बाक रिकामा," हे त्यांनी मला सांगितलं, दाजींना नाही. सभ्य माणसं वाईट निरोप नेहमी नातेवाइकाच्या हाती देतात.

मी तो पोचवला. दाजी बराच वेळ पटाशीला धार लावत राहिले. "घरी बसून काय करू रे?" एवढंच म्हणाले. मस्करीत मी 'मेहुणे' असतो. मस्करी संपली की 'रे' होतो.

काम आलं ते एका जुन्या चिनी चित्राचं. गिऱ्हाइकाने छापील प्रत पाठवली होती आणि हुबेहूब तेच फळीवर हवं होतं. डोंगर, एक वाकडं झाड, लाकडी पूल, पुलावर काठी टेकत निघालेला म्हातारा, आणि निम्म्या चित्रात नुसतं धुकं. "चित्रकाराने धुकं काढलंच नाही, कागद कोरा सोडला," दाजी म्हणाले. "मला मात्र तो कोरेपणा खोदून काढावा लागतोय. त्याची सुट्टी, माझी हजेरी."

चित्राच्या कडेला लाल चौकोनी शिक्के होते, आत चिनी अक्षरं. दाजींनी तेही जसेच्या तसे कोरून लाल रंगवले. वाचता आम्हा दोघांनाही येत नव्हते. मी वाचत नाही, मोजतो.

छापील प्रतीत अकरा. फळीवर बारा.

"दाजी, एक जास्त झालाय."

त्यांनी प्रत शेजारी धरून बोट लावत जुळवले. बारावा झाडाच्या मुळाशी, धुक्यात होता. "हा माझा नाही," ते म्हणाले. आवाज इतका साधा होता की मला त्यांची कीव आली. त्यांनी तो तासून टाकला. धुक्यात काय, खोदलेलं कळतही नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवली. जेवताना, बूट घालताना, वर्तमानपत्र वाचताना. मध्येच जुन्या शेजाऱ्यांची नावं विचारायचो, कालची भाजी विचारायचो. सगळी उत्तरं बरोबर.

"उलटतपासणी काय चालवलीयस रे त्यांची?" ताई चिडली. "कालची भाजी तुला तरी आठवते का?"

मला आठवत नव्हती.

दुसऱ्या तपासणीत पुन्हा बारा. आता जास्तीचा पुलाखाली होता. तो गेला, तर तिसऱ्या वेळी एक डोंगराच्या कुशीत. मग एका संध्याकाळी दाजींनी अकरा केल्यावर मी फळीवर कापड टाकलं, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि पट्टीवर माझी सही केली. सकाळी दाजी यायच्या आधी पाहिलं. सही शाबूत होती. पट्टी काढली. शिक्के अकरा. खात्रीसाठी पुन्हा मोजले.

बारा.

फळीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. माझा तरी लागला होता का, हेही मला धड सांगता येईना.

जास्तीच्या शिक्क्यावर पातळ कागद ठेवून मी पेन्सिल घासली आणि तो ठसा घेऊन चिनी शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला.

"चित्रकाराचं नाव नाही हे. जुन्या चित्रांवर नंतरचे लोकही शिक्के उठवायचे. कुणी मालक म्हणून, कुणी नुसतं चित्र पाहिलं म्हणून. यावर तेवढंच आहे."

"काय?"

"पाहिलं."

"कुणी?"

"ते नाही लिहिलेलं."

फळी पाठवायच्या दिवशी दाजींनी शेवटचा शिक्का तासला. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे कापड गुंडाळल्याचा आणि खोक्याला खिळे ठोकल्याचा आवाज आला.

"तपासलंत?" मालकांनी विचारलं.

"तपासलं," मी म्हणालो आणि तपासणीच्या कागदावर सही केली. एकोणीस वर्षांत न बघता केलेली ती पहिली सही.

चार दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांनी भिंगाने पाहिलं होतं. अगदी चित्राबरहुकूम, एक रेघ इकडची तिकडे नाही. मालकांनी दाजींना पुढचं काम दिलं. दाजींचा बाक वाचला.

"आता तरी त्यांच्याकडे टक लावून बघायचं सोड," ताई म्हणाली.

रविवारी सकाळी दाजी केस कापून आले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. "मेहुणे, तुमचा डोळा पक्का. न्हाव्याने मागे सरळ कापलंय का, बघा जरा."

मी बघितलं.

केसांच्या रेषेखाली, मानेवर, नखाएवढा चौकोन होता. लाल. कडा धारदार, आत तीच अक्षरं, थोडी खोल.

"काय झालं?"

"काही नाही. सरळ आहे."

"दुखतंय जरा तिथे. वस्तरा लागला असेल."

शर्टाच्या कॉलरखालून आणखी एक कोपरा डोकावत होता, आणि त्याला लागून आणखी एक. मी डोळे मिटले आणि चाचपडत त्यांची कॉलर वर ओढून मान झाकली.