दाही

“बला दाक बोकळं करडारी गोळी द्या.”

काउंटरपलीकडून आलेलं हे वाक्य कळायला मला जरा वेळच लागला. नाक लाल, डोळे पाणावलेले... आणि तरी हसू असं, की मी उगाचच केस कानामागे सारले. मग औषधांच्या दुकानातला रोजचा प्रश्न विचारला.

“बीपी आहे?”

“दाही.”

“दहा वर्षांपासून?” काढलेली गोळी मी परत खणात टाकली. “मग ही चालणार नाही. नाक मोकळं करते, पण बीपी वाढवते.”

“दहा दाही हो – दाही!”

मला काही उमजेना. त्याला स्टुलावर बसवून थोड्या वेळाने दंडाला पट्टा बांधला. बीपी चांगलंच चढलेलं होतं. पुन्हा मोजलं, तरी तेच. त्याला पत्ताही नव्हता.

उद्या रेडिओच्या नोकरीसाठी आवाजाची चाचणी आहे, असं त्याने कसंबसं सांगितलं. “एकच द्या दा... कुडाला कळतंय?”

“तुमच्या हृदयाला कळेल,” मी म्हटलं. नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, वाफ घ्यायला सांगितलं, आणि आजच डॉक्टरांना दाखवायला बजावलं. तो हिरमुसून गेला. चाचणी बुडाली तर हा माझ्या नावाने खडे फोडणार, या विचाराने दुसऱ्या दिवशी दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं.

“नमस्कार, मॅडम. नोकरी मिळाली.”

संध्याकाळी आलेला तो स्वच्छ, भरदार आवाज ओळखायला मला वर बघावं लागलं. आणि मग बघतच राहिले.

डॉक्टरांनी त्याला बीपीची गोळी सुरू केली होती. तेव्हापासून तो दर आठवड्याला बीपी मोजायला येऊ लागला.

“घरी यंत्र का नाही घेत?”

“घरी तुम्ही कुठे असता?”

“आज वाढलंय हं...”

“हात तुम्ही धरलाय. माझा काय दोष?”

हिवाळ्यात मला सर्दी झाली, आणि नेमका त्याच दिवशी तो सरळ मुद्द्यावर आला. “घरी आईला तुमच्याबद्दल सांगितलंय. लग्नाचं. आता तुमची काही हरकत...?”

“दाही.”

त्याचा चेहरा पडला. “दहा? दहा हरकती?”

हसू आवरेना. मी त्याचं मनगट घट्ट धरलं – नाडी नुसती धावत होती.

“एकही दाही,” मी म्हणाले.